मग ठीक आहे

अँजिओप्लास्टीसाठी आत न्यायच्या आधी सिस्टरने आण्णांच्या अंगावरचं एकेक काढून माझ्या हातात दिलं. घड्याळ, कमरेचा करदोटा आणि शेवटी तुळशीची माळ. माळ एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत होती, पिशवीवर आण्णांचं नाव आणि खाटेचा नंबर लिहिलेली पांढरी पट्टी. माझ्या जन्माच्या आधीपासून ती त्यांच्या गळ्यात आहे. आंघोळीला, झोपेत, तापात, आज्जीच्या मातीला जातानाही ती तिथंच होती. आमच्या भागात ‘त्यानं माळ काढली’ याचा अर्थ एकच, तो आता मटण-मासे खायला लागला. त्या लांबलचक बोळात पिशवी मुठीत धरून बसले तेव्हा आतले मणी अजून त्यांच्या अंगाचे कोमट होते. थोड्या वेळाने ते गार झाले आणि मला एकदम भीती वाटली.

सगळं नीट पार पडलं. एका रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसला, दुसरीवर औषधं चालतील म्हणाले. तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ मुलगी आली. वय पंचविशीच्या आतलं, हातात छापील कागदांचा गठ्ठा. तिने आण्णांसमोर एक कागद धरला आणि भरभर सांगायला लागली, “काका, मटण बंद. चिकन बंद. अंड्यातला पिवळा भाग बंद.” आण्णांचा हात आपसूक गळ्याकडे गेला. तिथं माळ नव्हती, ती अजून माझ्या पर्समध्येच होती. घरी जाऊन आंघोळ केल्याशिवाय ते घालणार नव्हते. त्यांनी नुसती कॉलरखालची रिकामी जागा चाचपली आणि म्हणाले, “मी माळकरी हाय, ताई. चाळीस वर्षं झाली.” मुलगी छान हसली. कागदावरच्या तीन ओळींवर पेनाने रेघ मारली. “मग ठीक आहे,” म्हणाली आणि शेजारच्या खाटेकडे वळली.

तिचा राग मला तेव्हाही आला नाही, आजही येत नाही. तिला त्या सकाळी आख्खा मजला फिरायचा होता. पण ‘मग ठीक आहे’ हे शब्द माझ्या मनातून काही केल्या जाईनात. ठीक होतं तर आण्णा त्या खाटेवर कशाला होते?

घरी आणल्यावर भेटायला माणसं आली आणि प्रत्येकाने उंबऱ्यातच तेच विचारलं. माळकरी माणसाला हार्टचा आजार कसा काय? कुणी हळहळून विचारलं, कुणी नवलाने. आई चहाचा ट्रे घेऊन येताना हे ऐकायची आणि तिचा चेहरा उतरायचा. तिला त्यात आरोप ऐकू यायचा. गेली कित्येक वर्षं या माणसाच्या पोटात जे गेलं ते तिच्याच हातचं, असं तिला वाटत होतं. खरं तर तसंही नव्हतं. आण्णा एसटीत कंडक्टर. त्यांच्या पोटात काय गेलं हे आईपेक्षा रस्त्यावरच्या स्टँडांना जास्त माहीत.

माणसं आणखी एक म्हणायची, “अंगावर मांस न्हाई बघा त्यांच्या, त्यांना कसं काय झालं?” आण्णा खरंच शिडशिडीत. धावत्या गाडीत दोन्ही हात सोडून उभं राहून तिकिटं फाडणाऱ्या माणसाचं अंग असतं तसं. पुण्यात केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, जॉन युडकिन यांचा, शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्यासारख्या माणसांची चरबी बाहेरून दिसत नाही, ती आत, पोटात असते. तो फोटो मी आईला मोबाइलवर दाखवला. तिने बराच वेळ पाहिला आणि याज्ञिकांवर बोट ठेवून म्हणाली, “ह्यो आपल्यातला दिसतोय.”

आमचं गाव मंगळवेढ्याच्या अंगाचं. दामाजीपंतांनी दुष्काळात धान्याची कोठारं उघडली ती ही भूमी, आणि त्या कोठारांत प्रामुख्याने काय असणार हे इथल्या पोरालाही विचारावं लागत नाही. काळी, खोल, उन्हाळ्यात हातभर भेगा पडणारी जमीन. पावसाळा सरता सरता पेरायची आणि नंतर पाण्याच्या थेंबाशिवाय, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर वाढणारी मालदांडी ज्वारी. आज्जीचं सगळं आयुष्य त्या ज्वारीच्या पिठात गेलं. पहाटे काठवटीत पाण्याचा हबका मारून पीठ मळायचा आवाज, मग थापण्याचा, मग तव्यावर भाकरीच्या पाठीवरून पाण्याचा हात फिरवल्यावर येणारा चर्र आवाज आणि भिजल्या मातीसारखा वास. आमची झोप या तीन आवाजांनी उघडायची.

तिच्या ताटात काय असायचं ते मी त्या दवाखान्याच्या बोळात बसून आठवत राहिले. दोन भाकरी. कोरड्यास म्हणून हुलग्याचं माडगं नाहीतर मटकीची उसळ. रानातून ओट्यात खुडून आणलेली पाथरी, घोळ, तांदुळसा, थंडीत करडईची कोवळी पानं. तोंडी लावायला जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, उखळात कुटलेली, तेलाने अंग धरलेली. शेंगा सुटल्या की शेंगाचटणी. एक कच्चा कांदा, बुक्कीने फोडलेला. तेल करडईचं, घाण्यावरून आणलेलं, आणि तेही पळीतून धार न सोडता थेंब मोजून, कारण ते पुरवायचं असायचं. दूध विकायचं. तूप सणाला. साखर पाहुण्याला.

हे सांगताना मला एक भीतीही वाटते. गरिबीला गोड करून सांगायची सवय आपल्याला लवकर लागते. आज्जीने हे ताट निवडलं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेली होती, सरकारी कामावर मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाताना तिला रडू यायचं, हे ती स्वतः सांगायची. ठेच्यात मीठही भरपूर असायचं, कारण चमचाभर ठेच्यावर आख्खी भाकरी जायला हवी. तिच्या पोराने हे ताट सोडून दुसरं काही खावं, पांढरं, मऊ, गोड खावं, ही तिचीच इच्छा होती. आण्णांना नोकरी लागली तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, आता माझ्या लेकाला रोज चपाती मिळंल.

मिळाली. आणि बरंच काही मिळालं.

आण्णांची मुक्कामी गाडी असायची. पहाटे निघायचं, रात्री कुठल्यातरी लांबच्या गावात गाडी लावून तिथंच झोपायचं, दुसऱ्या दिवशी परत. आज्जी फडक्यात भाकऱ्या बांधून द्यायची. पण ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत बरी, संध्याकाळी ती वातड होते आणि तिचे काठ हिरड्यांना लागतात. चपाती टिकते, पण तीही थंड, आणि चालत्या नोकरीत बसून जेवायला वेळ कुणाला? गाडी स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. त्या दहा मिनिटांत वही भरायची, पाणी मारायचं आणि पोटात काहीतरी ढकलायचं. गरम काय असायचं? भजी. वडा. पुरीभाजी. सोबत चहा, साखरेने ओठ चिकटतील असा. दिवसाला आठ-नऊ कप. एकादशीला साबुदाण्याचा वडा नाहीतर खिचडी, वर बटाट्याचा चिवडा. महिन्यातून दोन एकादश्या, वर्षाच्या चोवीस, आषाढी-कार्तिकीला जादा गाड्या आणि जादा ड्यूटी. मटणाचा वास आला तरी आण्णा टेबल बदलायचे. ज्या हॉटेलात अंडी उकडतात तिथला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. चाळीस वर्षांत माळेला बोल लागेल असा एक घास त्यांनी तोंडात घातला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आणि ते भजं ज्यात तळलेलं असायचं त्याचं नाव वनस्पती तूप. पुन्हा पुन्हा तापवलेलं, काळं पडलेलं. तेलात हायड्रोजन घालून ते थिजवतात, आणि अर्धवट थिजवलं की त्यात ट्रान्स फॅट तयार होतं. त्याने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं घटतं. आपल्याकडे अन्नातल्या तेला-तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत असावं असा नियम जानेवारी २०२२पासून आला. आण्णा तोवर निवृत्तीला टेकले होते. वनस्पती हा किती निर्मळ शब्द आहे. त्या शब्दावर माझ्या वडिलांनी विश्वास ठेवला, आईनेही ठेवला, दिवाळीच्या करंज्या त्यातच तळल्या, कारण साजूक तूप परवडत नव्हतं आणि हे बघायला तुपासारखंच होतं.

मुक्कामाहून परत येताना आण्णांच्या हातात हमखास एक पुडा असायचा. वर्तमानपत्राचा, तेलाने पारदर्शक झालेला, अक्षरं पलीकडून उलटी वाचता येतील असा. आत शेव, बालुशाही, कधी पालकाची भजी. मी आणि भाऊ दारातच तो ओढून घ्यायचो. आण्णांना पोरांचे लाड करणं बोलून जमलं नाही, जवळ घेणं जमलं नाही, त्यांचे सगळे लाड त्या पुड्यात असायचे. त्याचा वास आजही कुठं आला तरी मला दारातली खाकी पँट आणि चामड्याची पिशवी दिसते. तो पुडा चुकीचा होता असं लिहायला माझा हात उचलत नाही. भाऊ आता एकेचाळीसचा आहे आणि त्याची रक्ततपासणी करून घ्यायला मी त्याच्या मागे लागले आहे. एवढंच माझ्या हातात आहे.

दवाखान्यातल्या त्या रात्री झोप नव्हती म्हणून मी मोबाइलवर वाचत बसले. हार्वर्डमध्ये अंबिका सतीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास हाती लागला. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातली माणसं, दोन लाखांच्या वर, त्यांच्या खाण्याची दोन दशकांहून जास्त काळ ठेवलेली नोंद. आजवर लोक शाकाहारी आणि मांसाहारी एवढीच वाटणी करत आले होते. यांनी झाडापासून आलेल्या अन्नाचेच दोन ढीग केले. एकात सबंध धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे. दुसऱ्यात मैदा आणि पांढरा तांदूळ, बटाटा, साखरेची पेयं, गोडधोड. पहिल्या ढिगातलं जे सर्वांत जास्त खायचे त्यांच्यात हृदयविकाराचा धोका, ते सर्वांत कमी खाणाऱ्यांच्या मानाने, सुमारे पाव हिश्शाने कमी निघाला. दुसऱ्या ढिगातलं जे सर्वांत जास्त खायचे त्यांच्यात तो जवळजवळ एक तृतीयांशाने वाढलेला. मी ते पान तीनदा वाचलं. समोरच्या भिंतीवर ट्यूब फडफडत होती. पहिला ढीग आज्जीचा होता, दुसरा आण्णांचा. दोघंही शाकाहारी. दोघांच्याही गळ्यात माळ.

मग आणखी वाचत गेले. आण्णा आत झोपले होते आणि मला काहीतरी करत राहणं भाग होतं. यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलून त्याचं पित्त बनवतं. पित्त आतड्यात उतरतं, काम झालं की त्यातलं बहुतेक परत शोषलं जातं, पुन्हा वापरलं जातं. पण पोटात बुळबुळीत, पाण्यात फुगणारा तंतू, म्हणजे फायबर, असेल तर तो पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. यकृताला मग नवीन पित्तासाठी रक्तातून पुन्हा कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. असं रोज, महिनोन् महिने. टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी २००३ साली कोलेस्टेरॉल वाढलेल्या ४६ माणसांवर एक महिना प्रयोग केला. काहींना चिकट तंतूचं, सोयाचं, बदामाचं खाणं दिलं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल साधारण २९ टक्क्यांनी उतरलं. ज्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी दिली त्यांचं साधारण ३१ टक्क्यांनी. त्या खाण्याच्या यादीत जव होते, ओट्स होते, इसबगोल होता आणि त्यांच्या शेजारी दोन भाज्या, भेंडी आणि वांगं. कॅनडातल्या प्रयोगशाळेच्या यादीत वांगं बघून मला त्या रात्री पहिल्यांदा रडू आलं. आमच्या परसात वांग्याची चार झाडं कायम असायची. आण्णा नोकरीला लागल्यावर त्यांना वांगं रोज रोज नको वाटायचं.

इथं एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे, कारण ती आमच्याच ओसरीवर घडली. एका नातेवाइकाने माझं हे पाल्हाळ ऐकलं आणि आण्णांना सांगितलं, मग त्या गोळ्या कशाला खाताय, सोडून द्या, हुलग्याचं कढण प्या. मी उठून त्यांच्या समोर गेले. मोठ्या माणसाशी मी आयुष्यात इतक्या तीव्रपणे बोलले नाही. ज्याच्या हृदयात नवा स्टेंट आहे त्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी मनाने सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते आणि ती जीव घेते. जेनकिन्सचे ते ४६ जण कोलेस्टेरॉल वाढलेलं असलं तरी एरवी निरोगी होते. हुलगा हुलग्याच्या जागी, गोळी गोळीच्या जागी. आण्णा मान खाली घालून ऐकत होते. नंतर त्यांनी गोळ्यांचं पाकीट उशीखालून काढून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं, रोज हात जोडताना दिसेल असं. त्यात आता बी-१२ची गोळीही आहे. ते जीवनसत्त्व वनस्पतीत सापडत नाही, दुधा-दह्यातून थोडं मिळतं, आणि आण्णांचं तपासणीत फार कमी निघालं.

ताट परत बदलायचं ठरवणं सोपं होतं. करणं आईच्या मनगटावर येऊन पडलं. तिचं उजवं मनगट दुखतं, भाकरी थापताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. मी पुण्यात. वहिनीला चपात्या झरझर येतात, भाकरी येत नाही, आणि तिला ती शिकवायची हौस कुणालाच कधी वाटली नाही, मलाही नाही, मला स्वतःलाही ती धड येत नाही. ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली आहे. आमच्याच रानात निम्म्या तुकड्यात मका आहे, कारण ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. बापाच्या हृदयासाठी काय खावं ते दोन ओळींत लिहिता येतं, पण त्यामागे कुणीतरी कडधान्यं भिजत घालायची असतात, मोड आणायचे असतात, पालेभाजी निवडायची असते, आणि हे कुणीतरी म्हणजे आमच्या घरात कोण हे न बोलता ठरलेलं असतं. या वेळी मी ते बोलले. जेवायला बसल्यावर, सगळ्यांसमोर. थोडा वेळ कुणी काही म्हणालं नाही. मग आण्णांनी पाटावरून हात लांब करून मेथीची जुडी स्वतःकडे ओढली.

आता ते रोज भाजी निवडतात. कंडक्टरची बोटं, चाळीस वर्षं तिकिटं आणि सुटे पैसे हाताळलेली. तांदुळशाचं एकेक पान ते नोट पारखावी तसं उजेडात धरून बघतात. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, मोजून ठेवल्यासारखी. चहा दोनवर आलाय, साखर अर्धा चमचा. पहिले आठ दिवस त्यांचं डोकं दुखायचं आणि ते चिडायचे. एकदा रात्री त्यांनी आईला विचारलं, “जरा शेव हाय का गं?” आईने चिमूटभर दिली. मी पाहिलं आणि काही बोलले नाही.

परवाच्या एकादशीला मी गावी होते. आईने साबुदाणा भिजवलाच नव्हता. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी केली, रताळं उकडलं, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचा कूट घातला. उपास सोडून देऊ का, असं आण्णांनी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं आणि डॉक्टरांनी, गोळ्या चुकवू नका, बाकी तुमची श्रद्धा, असं सांगितलं होतं. ते ताटावर बसले. वाकले तेव्हा शर्टाच्या गळ्यातून माळ बाहेर आली आणि ताटाच्या काठाला लागून टिकटिक वाजली. त्यांनी ती उचलून परत आत सारली. राजगिऱ्याची भाकरी चिवट असते, ती त्यांनी हळूहळू चावली, मधे एकदा थांबले. मला वाटलं, आता साबुदाण्याच्या वड्याची आठवण काढतील.

“आईच्या हातची याच्याहून पातळ व्हायची,” ते म्हणाले.

आई हसली. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला भाकरी मी थापली. आई शेजारी बसून नुसतं सांगत होती, पाणी कोमट घे, तळव्याच्या टाचेनं मळ, आता फिरव, काठ पातळ कर. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर गेली पण फुगली नाही. तिसरीला एका बाजूने पापुद्रा सुटला आणि आतून वाफ आली, आणि स्वयंपाकघरात तो जुना वास पसरला. आण्णा बाहेर ओसरीवर भाजी निवडत होते. त्यांनी तिथूनच विचारलं,

“हुलगं भिजत घातलंय का गं उद्यासाठी?”